ग्रॅनाइट : बराबरच्या टेकडीचा दगड आणि त्याचे गुणधर्म

एखाद्या विहाराची कोनशिला बसवावयाची ठरली म्हणजे ती बहुधा काळ्या, आरशासारख्या चकचकीत दगडाची असते आणि तिला आपण सर्रास 'ग्रॅनाइट' म्हणतो. अजिंठा, कार्ले, भाजे येथील शैलगृहांविषयीच्या लेखनातही 'ग्रॅनाइटच्या डोंगरात कोरलेली लेणी' हा शब्दप्रयोग आमच्या वाचनात वारंवार आला आहे. या दोन्ही ठिकाणी ते नाव चुकीचे आहे. लेण्यांचा अभ्यास करणाऱ्याला शिलालेखाची लिपी, मूर्तीची शैली, दानदात्यांची नावे यांची माहिती असते. परंतु ज्या दगडात हे सारे घडले तो दगड कोणता, हा प्रश्न सहसा मागे पडतो. दगड समजला नाही तर कारागिरीचे मोल नीट कळत नाही आणि वास्तूचे जतन कसे करावे हेही उमगत नाही. म्हणून ग्रॅनाइट म्हणजे नेमके काय, तो कसा तयार होतो, त्याचे गुणधर्म कोणते आणि आपल्या अभ्यासविषयाशी त्याचा खरा संबंध कोठे येतो, याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

खडकाची उत्पत्ती

पृथ्वीच्या पोटातील वितळलेल्या द्रव्यास शिलारस म्हणतात. हा शिलारस थिजून जे खडक बनतात ते अग्निज खडक होत. त्यांचे दोन मुख्य वर्ग आहेत. शिलारस भूपृष्ठावर येऊन लाव्हाच्या रूपाने पसरला तर त्याला हवेचा व पाण्याचा स्पर्श होतो आणि तो लवकर थंड होतो. स्फटिक वाढण्यास अवधी मिळत नाही. म्हणून अशा खडकाचे कण इतके बारीक असतात की ते नुसत्या डोळ्यांनी वेगळे ओळखता येत नाहीत. सह्याद्रीचा काळा कातळ, म्हणजे बेसाल्ट, हा असाच सूक्ष्मकणी खडक आहे.

याउलट शिलारस वर न येता काही किलोमीटर खोलीवरच अडकून राहिला, तर त्याच्या भोवतालचे व वरचे खडक जाड पांघरुणासारखे काम करतात. उष्णता फार सावकाश बाहेर पडते आणि थिजण्याची क्रिया हजारो ते लक्षावधी वर्षे चालते. या दीर्घ अवधीत स्फटिक सावकाश वाढतात, एकमेकांना भिडतात आणि एकमेकांत गुंतून बसतात. असे बनलेले खडक भरडकणी असतात. त्यांना पातालीय खडक म्हणतात. ग्रॅनाइट हा त्यांपैकी सर्वांत परिचित खडक होय. त्याचे नावच 'कण' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आलेले आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. कणांचा भरडपणा हा खडकाच्या घटकद्रव्यांवर नव्हे, तर मुख्यतः थंड होण्याच्या गतीवर अवलंबून असतो. ग्रॅनाइटचेच रासायनिक संघटन असलेला शिलारस भूपृष्ठावर येऊन लवकर थिजला, तर रायोलाइट हा सूक्ष्मकणी खडक बनतो. बेसाल्टचे संघटन असलेला शिलारस खोलवर सावकाश थिजला, तर गॅब्रो हा भरडकणी खडक तयार होतो. एकच द्रव्य, परंतु परिस्थिती निराळी आणि म्हणून फळही निराळे, असा हा प्रकार आहे.

आता असा प्रश्न येतो की, खोलवर बनलेला खडक आपल्याला टेकडीच्या रूपाने कसा दिसतो? याचे उत्तर काळात आहे. भूकवचाचे उत्थान होत राहते आणि ऊन, पाऊस व नद्या वरचे थर झिजवीत राहतात. कोट्यवधी वर्षांत किलोमीटरच्या किलोमीटर जाडीचे खडक वाहून जातात आणि एके काळी पाताळात असलेला ग्रॅनाइट उघड्यावर येतो. दक्षिण भारतातील अनेक ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांच्या आसपास जुने आहेत. सह्याद्रीच्या बेसाल्टचे वय त्या मानाने केवळ सहा-साडेसहा कोटी वर्षे भरते.

तीन खनिजांचा संघ

ग्रॅनाइटचा ताजा तुकडा हातात घेऊन भिंगातून पाहिला तर तीन प्रकारचे कण स्पष्ट दिसतात. काचेसारखे, राखी किंवा रंगहीन कण क्वॉर्ट्झचे असतात. पांढरे, गुलाबी किंवा फिकट तांबूस आणि सपाट पृष्ठावर चमकणारे कण फेल्स्पारचे असतात. खडकाला रंग येतो तो मुख्यतः यांच्यामुळे. काळे किंवा रुपेरी, नखाने पापुद्रे निघतील असे कण अभ्रकाचे असतात. काही ग्रॅनाइटांत अभ्रकाच्या जोडीला हॉर्नब्लेंड हे गडद खनिजही असते. काही ठिकाणी फेल्स्पारचे स्फटिक बोटाच्या पेराएवढे मोठे होतात आणि बारीक कणांच्या पार्श्वभूमीवर उठून दिसतात.

मोस यांच्या कठिनतेच्या मापप्रमाणात क्वॉर्ट्झची कठिनता ७ व फेल्स्पारची ६ आहे. साध्या लोखंडी हत्याराची धार याहून मऊ असते. म्हणून ग्रॅनाइट कापताना हत्यार दगडाला जितके झिजविते, त्याहून अधिक दगड हत्याराला झिजवितो. पाथरवटाला छिन्नी पुनःपुन्हा शेवटावी लागते ती यामुळेच. ग्रॅनाइटचे वजनही लक्षणीय असते. एका घनमीटर दगडाचे वजन सुमारे २.६५ ते २.७५ टन भरते. स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्याने त्यात पोकळी फार थोडी असते आणि पाणी सहजी मुरत नाही.

हीच लक्षणे ओळख पटविण्यास उपयोगी पडतात. विहाराच्या कोनशिलेचा किंवा स्वयंपाकघरातील ओट्याचा तो काळाभोर दगड भिंगातून पाहावा. त्यात काचेसारखे क्वॉर्ट्झचे कण भरपूर प्रमाणात दिसत नाहीत. बाजारात ज्याला काळा ग्रॅनाइट म्हणतात तो बहुधा डोलेराइट किंवा गॅब्रो, म्हणजे बेसाल्टच्याच कुळातला खडक असतो. व्यापाऱ्याच्या दृष्टीने झिलई घेणारा कोणताही कठीण दगड ग्रॅनाइट ठरतो. अभ्यासकाने मात्र हे नाव जपून वापरावे.

महाराष्ट्रातील लेणी कोणत्या दगडात?

अजिंठा, वेरूळ, कार्ले, भाजे, बेडसे, कान्हेरी, नाशिक, जुन्नर ही सर्व स्थाने दख्खनच्या लाव्हाप्रदेशात आहेत. हा प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरला आहे आणि त्यातील प्रमुख खडक बेसाल्ट आहे. लाव्हाचे थर एकावर एक, जवळजवळ आडवे पसरत गेले. काही थर घट्ट, तर काही बुडबुड्यांच्या पोकळ्यांनी भरलेले व तुलनेने मऊ. उभे कडे, आडवे थर आणि क्वॉर्ट्झच्या कणांचा अभाव यांमुळे हा कातळ शैलगृहांसाठी सोयीचा ठरला. अर्थात केवळ दगडामुळे लेणी झाली असे म्हणणे बरोबर होणार नाही. व्यापारी मार्ग, श्रेणींची संपत्ती, उपासक-उपासिकांचे दान आणि भिक्खुसंघाची वर्षावासाची गरज ही कारणे तितकीच महत्त्वाची आहेत.

ग्रॅनाइट महाराष्ट्रात नाहीच असे नव्हे. नांदेड जिल्ह्याच्या आग्नेय भागात आणि विदर्भाच्या पूर्वेकडील जिल्ह्यांत तो उघडा पडलेला आहे. इतरत्र तो लाव्हाच्या थरांखाली झाकलेला आहे. १९६७ साली कोयनेला मोठा भूकंप झाला. त्या भागातील भूकंपांच्या अभ्यासासाठी पुढे जी खोल विंधणे घेण्यात आली, त्यांत सुमारे सव्वा किलोमीटर जाडीचा बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइट व त्याच्या जातीचे खडक लागले. म्हणजे सह्याद्रीचा काळा कातळ ज्या पायावर उभा आहे तो पाया बव्हंशी ग्रॅनाइटी आहे.

बराबर व नागार्जुनी

भारतीय शैलगृहांचा आरंभ जेथून मानला जातो ती गुहास्थाने मात्र खरोखरच ग्रॅनाइटात आहेत. बिहारमध्ये गयेच्या उत्तरेस, आजच्या जहानाबाद जिल्ह्यात, बराबर व नागार्जुनी या टेकड्या आहेत. पावसाने व उन्हाने गोलावलेल्या प्रचंड शिळांच्या या टेकड्या ग्रॅनाइटच्या व त्याच्याशी जवळीक असलेल्या नीस खडकाच्या आहेत. बराबरवर कर्ण चौपार, सुदामा, लोमश ऋषी व विश्वकर्मा या चार गुहा असून शेजारच्या नागार्जुनी टेकडीवर तीन गुहा आहेत.

सुदामा व विश्वकर्मा या गुहांतील लेखांवरून, सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर बारा वर्षांनी, म्हणजे इ. स. पूर्व २५७ च्या सुमारास, त्या दान केल्याचे कळते. कर्ण चौपार येथील लेख अभिषेकानंतरच्या एकोणिसाव्या वर्षाचा आहे. नागार्जुनी येथील तिन्ही गुहा अशोकाचा नातू दशरथ याने दिल्या. सुदामा गुहेत एक आयताकार दालन व त्याच्या टोकाला झोपडीच्या आकाराची वर्तुळाकार खोली आहे. लाकूड, बांबू व गवत यांच्या कुटीचे रूप येथे अखंड ग्रॅनाइटात उतरविले आहे. लोमश ऋषी गुहेच्या दारावर कमान असून तीत स्तूपाकडे जाणाऱ्या हत्तींची रांग कोरलेली आहे. भाजे, कार्ले व अजिंठा येथे जी चैत्यकमान पुढे बहरास आली, तिचे आद्य रूप ते हेच.

या गुहांच्या आतील भिंतींची झिलई पाहून अभ्यागत थक्क होतो. भिंत इतकी गुळगुळीत की दिव्याची ज्योत तीत प्रतिबिंबित होते, आणि उच्चारलेला शब्द दीर्घकाळ घुमत राहतो. ग्रॅनाइटचे गुणधर्म ठाऊक असले म्हणजे या कामाचे मोल कळते. अशोकाच्या स्तंभांना अशीच झिलई आहे, पण ते स्तंभ चुनारच्या वालुकाश्माचे आहेत, आणि वालुकाश्म ग्रॅनाइटपेक्षा कोरावयास सोपा. ग्रॅनाइटात तीन निरनिराळ्या कठिनतेची खनिजे शेजारी शेजारी असतात. घासताना मऊ अभ्रक लवकर झिजतो वा निघून जातो, फेल्स्पार त्याहून सावकाश आणि क्वॉर्ट्झ सर्वांत शेवटी. या तिघांना एका पातळीत आणावयाचे तर क्वॉर्ट्झइतक्या किंवा त्याहून कठीण चूर्णाने, हळूहळू अधिक बारीक चूर्ण घेत, दीर्घकाळ घासत राहावे लागते. एकदा मात्र पृष्ठ तसे झाले की स्फटिकांच्या घट्ट गुंफणीमुळे ते सहसा उखडत नाही. सव्वादोन हजार वर्षांनंतरही ती झिलई टिकून आहे, याचे रहस्य श्रमाइतकेच खडकाच्या भरड, गुंतलेल्या रचनेत आहे. ती चकाकी कसल्याशा अज्ञात विद्येची खूण मानण्याचे कारण नाही. ती माणसांच्या हातांची खूण आहे.

लोमश ऋषी गुहेचे आतील काम अपुरे राहिले आहे. खडकात तडे गेल्यामुळे ते सोडून द्यावे लागले असावे, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ग्रॅनाइट कितीही कठीण असला तरी तो सर्वत्र अखंड नसतो. वरचा भार कमी झाल्यावर तो प्रसरण पावतो आणि पृष्ठाला समांतर अशा मोठमोठ्या फटी त्यात पडतात. संयुत्तनिकायातील पब्बतसुत्तात कल्पाची दीर्घता समजाविण्यासाठी एका पर्वताची उपमा आहे : योजनभर लांब, रुंद व उंच पर्वत शंभर वर्षांतून एकदा तलम काशीवस्त्राने पुसला, तर तो झिजून जाईल, पण कल्प संपणार नाही. तो पर्वत फटी नसलेला, पोकळी नसलेला, एकसंध असा वर्णिला आहे. पाथरवट कोरण्यास योग्य शिळा निवडताना जे पाहतो, नेमके तेच हे वर्णन आहे.

ग्रॅनाइटही अनित्यच

ग्रॅनाइट म्हणजे शाश्वत दगड, अशी एक समजूत आहे. ती खरी नाही. पावसाच्या पाण्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड विरघळून पाणी किंचित आम्लधर्मी बनते. ते फटींतून झिरपते आणि फेल्स्पारवर क्रिया करते. फेल्स्पारचे रूपांतर केओलिन या मऊ, पांढऱ्या मातीत होते. एक खनिज सुटले की उरलेल्या दोघांची गुंफण ढिली होते. क्वॉर्ट्झचे कण वाळू बनून वाहून जातात. कोपऱ्यांवर दोन-तीन बाजूंनी क्रिया होत असल्यामुळे ते आधी झिजतात आणि शिळा गोलावतात. ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर एकावर एक रचून ठेवल्यासारखे जे धोंडे दिसतात ते कोणी रचलेले नसून असे घडलेले आहेत.

आगीपुढे तर हा दगड विशेष दुबळा ठरतो. तापल्यावर क्वॉर्ट्झ व फेल्स्पार सारख्या प्रमाणात प्रसरण पावत नाहीत. ५७३ अंश सेल्सिअसला क्वॉर्ट्झची अंतर्रचनाच बदलते आणि त्याचे आकारमान एकदम वाढते. परिणामी खडकाचे पापुद्रे उडतात. खडक तापवून फोडण्याची जुनी पद्धत याच तत्त्वावर आधारलेली आहे. म्हणून कोणत्याही गुहेत स्वयंपाकासाठी चूल पेटविणे किंवा भिंतीलगत शेकोटी करणे म्हणजे ती भिंत फोडण्याचाच उद्योग होय. लेख वाचता यावा म्हणून अक्षरांत खडू, रंग किंवा तेल भरणे हेही तितकेच घातक आहे. तिरका प्रकाश टाकला तर अक्षरे आपोआप उठून दिसतात. दगडाला हात लावण्याची गरज पडत नाही.

शिळेवरील शब्द

अशोकाने आपले लेख दगडावर कोरविले, ते चिरकाल टिकावेत म्हणून, असे त्याच्याच लेखांतून कळते. त्यासाठी त्या त्या प्रदेशातील दगड वापरला गेला. आपल्याकडे सोपारा येथे बेसाल्टच्या शिळेवरील आठव्या लेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये मिळाला. रायचूर जिल्ह्यातील मस्की येथे ग्रॅनाइटी खडकावरील लेख १९१५ मध्ये सी. बीडन या सोन्याच्या खाणींच्या अभियंत्याला आढळला. त्यात देवानंपिय या बिरुदाबरोबर अशोक हे नाव आले होते, आणि लेखांचा कर्ता कोण या वादावर त्यामुळे पडदा पडला. ती शिळा फोडून कोणी बांधकामाला नेली असती तर हा पुरावा नष्ट झाला असता. दक्षिणेत ग्रॅनाइटच्या टेकड्या फरश्यांसाठी व खडीसाठी फोडल्या जात असताना ही गोष्ट विसरता कामा नये. टेकडी फोडण्यापूर्वी तिच्या शिळा नीट पाहिल्या गेल्या पाहिजेत.

बराबरच्या लेखांतून आणखी एक गोष्ट कळते, आणि ती बौद्ध वाचकाने विशेष लक्षात घ्यावी. अशोकाने व दशरथाने या गुहा भिक्खुसंघाला नव्हे, तर आजीवकांना दिल्या. सुदामा व विश्वकर्मा येथील आणि नागार्जुनीतील लेख तसे स्पष्ट सांगतात. आजीवकांचा आचार्य मक्खलि गोसाल याच्या नियतिवादावर पाली साहित्यात अत्यंत कठोर टीका आहे. असे असता स्वतः उपासक असलेल्या राजाने भारतातील सर्वांत कष्टसाध्य शैलगृहे त्या पंथाला निवाऱ्यासाठी दिली. आपल्या बाराव्या शिलालेखात त्याने सर्व पंथांचा आदर करण्याविषयी जे सांगितले, ते येथे ग्रॅनाइटात प्रत्यक्ष उतरलेले दिसते. मत अमान्य असणे आणि ते मत बाळगणाऱ्या माणसाला छप्पर नाकारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्याने कृतीने दाखविले.

पुढे कोणीतरी यांपैकी काही लेखांतील नेमका 'आजीवक' हाच शब्द छिन्नीने खरडून टाकला. बाकीची अक्षरे तशीच ठेवली. खरडणाऱ्याने आपले नाव मागे ठेवलेले नाही. दान कोणाला होते ते मात्र उरलेल्या अक्षरांवरून आणि न पुसलेल्या लेखांवरून आजही सिद्ध करता येते. ऊन, पाऊस व वारा यांना शेकडो वर्षांत जे साधले नाही ते एका माणसाने थोड्या वेळात साधले. ७ कठिनतेचे क्वॉर्ट्झही द्वेषाच्या छिन्नीपुढे पुरे पडत नाही.

आमच्या काळातलेही एक उदाहरण सांगण्याजोगे आहे. हैदराबादच्या हुसेनसागरात उभी असलेली बुद्धमूर्ती एकसंध पांढऱ्या ग्रॅनाइटची आहे. मार्च १९९० मध्ये ती तराफ्यावरून नेली जात असता तराफा कलंडला, मूर्ती तळ्यात बुडाली आणि काही माणसे प्राणास मुकली. दोन वर्षांहून अधिक काळ ती पाण्याखाली होती. नंतर ती बाहेर काढून १ डिसेंबर १९९२ रोजी बसविण्यात आली. पाणी न शोषणाऱ्या त्या दगडाने तो काळ सहज सोसला. गेलेले जीव मात्र परत आले नाहीत. मूर्तीचे दर्शन घेताना त्या श्रमिकांचेही स्मरण ठेवणे योग्य होईल.

वाचकांस आमची विनंती इतकीच की, पुढच्या वेळी एखाद्या लेण्यात जाल तेव्हा मूर्ती व लेख पाहण्याआधी क्षणभर भिंतीचा दगड पाहा. कण दिसतात की नाही, काचेसारखे क्वॉर्ट्झ आहे की नाही, थर आडवे आहेत की फटी वळलेल्या आहेत, याची नोंद करा. आपल्या टिपणात 'ग्रॅनाइट' हा शब्द लिहावयाचा असेल तर खात्री करून मगच लिहा. आणि भिंतीवरचा एखादा शब्द खरडलेला आढळला, तर तो कोणता होता, याचा शोध घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.